डब्यातली एकेचाळीस कार्डं

फिलिपा आमच्या लायब्ररीत पहिल्यांदा आली तेव्हा तिने एकाही पुस्तकाला हात लावला नाही. पालिकेतली साहेबीण, वय तिशीचं, मांडीवर लॅपटॉप. चहाबरोबर ठेवलेली बिस्किटं मात्र ती एकामागून एक संपवत होती. पुस्तकांच्या खोलीत बसून पुस्तकाकडे न बघणारं माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही. तिचाही त्यात दोष नव्हता म्हणा. तिला वाचायला पाठवलंच नव्हतं, मोजायला पाठवलं होतं.

"इमारतीबद्दल कोणाचीच तक्रार नाही, ग्लेनिस," ती म्हणाली. "प्रश्न आकड्यांचा आहे. सात शाखा आहेत आणि निधी तीनच शाखांपुरता. एप्रिल ते सप्टेंबर जिथे सगळ्यात जास्त देवघेव होईल, त्या तीन राहतील."

"आणि उरलेल्या चार?"

"त्या गावकऱ्यांच्या हवाली करायच्या. त्यांनी चालवल्या तर चालतील."

"म्हणजे बंद."

"तसं मी म्हटलं नाही."

"तुम्ही कशाला म्हणाल? न म्हणण्याचाच तर पगार आहे."

ती हसली आणि शेवटचं बिस्किट उचललं. ही गोष्ट दोन हजार सोळा सालच्या मार्चमधली.

मी यॉर्कशायरमधल्या हॅकरॉयड गावच्या या लायब्ररीत लागले शहात्तर साली, सोळाव्या वर्षी. तेव्हा आम्ही अकराजणी होतो. खाली नदीकाठच्या लोकरीच्या गिरण्या धापा टाकत का होईना चालू होत्या आणि शनिवारी सकाळी दारात रांग लागायची. तारखेचा शिक्का मारून मारून संध्याकाळी मनगट उचलत नसे. ही इमारत कोण्या जहागीरदाराने दिलेली नाही. गिरणीतल्या बायाबापड्यांनी आठवड्याला एकेक पेनी घालून बांधली, आणि तसं दारावरच्या दगडात कोरलेलं आहे. माझी पणजी त्यात होती. त्यामुळे ही लायब्ररी माझीच आहे अशी माझी जी समजूत होती, ती अगदीच हवेतली नव्हती.

पुढे संगणक आला. त्याच्या पाठोपाठ आकडे आले, आणि आकड्यांच्या वासावर साहेब आले. आधी बुधवारची सुट्टी झाली. एका बुधवारने काय होतंय, असं गाव म्हणालं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. मग सोमवार गेला, संध्याकाळ गेली, वर्तमानपत्रं गेली, मुलांना गोष्टी सांगणारी जॅनिस गेली. बंद दारावर दोनदा डोकं आपटलं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही. मग साहेब म्हणतात, लोकांचं वाचन हल्ली कमी झालंय. आधी पाय तोडायचे आणि मग म्हणायचं, हा काही चालत नाही बुवा. त्या मार्चपर्यंत आम्ही दोघंच उरलो होतो. मी, आणि दारापाशी उभं असलेलं, पुस्तक ठेवलं की गोड आवाजात आभार मानणारं एक यंत्र.

आणि डेस्मंड. पण तो दिवसभर बाहेर असायचा. त्याच्याकडे घरपोच सेवेची गाडी होती. त्याचे आईवडील जमैकाहून गिरणीत कामाला आले, तो इथेच जन्मला, आणि बोलायला माझ्यापेक्षा पक्का यॉर्कशायरचा. गावात आणि वर माळावरच्या वस्त्यांवर जी एकेचाळीस माणसं घराबाहेर पडू शकत नव्हती, त्यांच्याकडे दर तीन आठवड्यांनी गुरुवारी तो आठ-आठ पुस्तकं घेऊन जायचा. पुस्तकं मी निवडायची, पोचवायची त्याने. या लोकांची कार्डं त्यांच्याकडे नसत. ती आमच्याकडेच, बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असत. माणूस येऊ शकत नाही म्हटल्यावर कार्ड त्याच्याकडे ठेवून उपयोग काय? मी एकेक कार्ड काढून पुस्तकं त्यावर चढवायची आणि पुढे 'घरपोच' अशी नोंद करायची. या कार्डांना दंड नाही, आठवणीचं पत्र नाही, गुप्त आकडा नाही. चाळीस वर्षांत त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही, कारण त्यात वावगं काही नव्हतंच.

त्या एकेचाळीसांत एनिड सटक्लिफ होत्या. वय शहाऐंशी. माळाच्या रस्त्यावरचं शेवटून दुसरं घर. दोन्ही बाजूंची घरं सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने दिलेली, म्हणजे वर्षातले आठ महिने रिकामी. बाई गिरणीत दुरुस्तीवर होत्या. विणून आलेल्या कापडात कुठे धागा सुटलाय ते बोटांनी चाचपून हुडकायचं आणि सुईने असं भरायचं, की भरलंय हे कळता कामा नये. नवरा गेला, मूलबाळ नाही, कमरेने दगा दिला. राहिले ते खून. म्हणजे पुस्तकातले.

"खून तिसऱ्या पानावर झाला पाहिजे," त्या मला बजावायच्या. "साठ पानं नुसतं हवापाणी सांगणारा लेखक पाठवलास, तर परत पाठवीन."

वाचलेलं पुस्तक पुन्हा माथी येऊ नये म्हणून आमच्या म्हाताऱ्या वाचकांची एक युक्ती असते. प्रत्येकाचं एक ठरलेलं पान आणि त्यावर ठरलेली खूण. कोणी अकराव्या पानाच्या आकड्याला गोल करतं, कोणी शेवटच्या पानावर आद्याक्षर काढतं. एनिडबाईंची खूण एकतिसाव्या पानावर, आकड्याखाली पेन्सिलीची बारीक फुली. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिणं हा गुन्हा, आणि आम्ही कधी कोणाला बोललो नाही. मी त्यांच्यासाठी पुस्तक काढलं की आधी एकतिसावं पान उघडायची. मोठ्या टायपातल्या खुनांच्या कपाटात फुली नसलेली पुस्तकं आता थोडीच राहिली होती.

एप्रिलच्या शेवटी गाडी बंद झाली. डेस्मंडला निरोपाचं एक कार्ड आणि एक केक मिळाला, आणि पंधरा दिवसांत तो एका सुपरमार्केटच्या किराणा पोचवणाऱ्या गाडीवर लागला. घरपोच सेवा यापुढे स्वयंसेवक चालवतील असं फिलिपाचं पत्र आलं. स्वयंसेवक दोन आले. एकाला पोलीस तपासणीचा फॉर्म लांबलचक वाटला. दुसरी म्हणाली, "मी फक्त ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांच्याकडे जाईन, मला कुत्रे आवडतात." तिला मी म्हटलं, मग बाई कुत्र्यांनाच वाचून दाखवा. ती परत आली नाही.

मग काही दिवस मीच जायची. एकेचाळीस घरं मला कुठली झेपणार? एनिडबाईंच्या रस्त्यावर बस जात होती, म्हणून त्यांच्याकडे, माझ्या बुधवारच्या सुट्टीत. पुस्तकांची पिशवी घेऊन चढावर माझीही दमछाक व्हायची. जूनच्या सुरुवातीला गेले ती शेवटची.

"ती गाडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"बंद केली. सांगितलं होतं ना मी."

"आणि तो काळा पोरगा?" डेस्मंड छप्पन्न वर्षांचा होता.

"तो आता किराणा पोचवतो."

"माझ्याकडे नाही पोचवत. मला लागतं काय, ब्रेड आणि चहा. ते पलीकडचा दूधवाला देतो, दारावर अडकवून जातो." त्या पुस्तकं एकेक करून एकतिसाव्या पानावर उघडून बघत होत्या. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण गिरणीतली सवय. "तुझंही बंद होणार का ग पोरी?"

"नाही होणार. मी होऊ देणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तीन आठवड्यांनी."

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात फिलिपाने मला सोमवारी आणि बुधवारी दुसऱ्या शाखेत बसवलं, कारण तिथली बाई आजारी रजेवर गेली होती. रविवारी त्या रस्त्यावर बस नाही. शनिवारी मी लायब्ररीत. कारणं ही अशी, आणि सगळी खरी आहेत. तरी जायचंच असतं तर एका रविवारी टॅक्सी करून गेले असते, हेही खरं आहे.

आता डब्याचं सांगते.

मे महिन्याचे आकडे आले तेव्हा आमची शाखा सातांत पाचवी होती. दर तीन आठवड्यांनी घरपोचची सव्वातीनशे पुस्तकं चढायची, ती गाडीबरोबर गेली होती. पॉलीन ऑड्सली काउंटरला टेकून उभी होती. पॉलीन म्हणजे आमच्या वाचकमंडळाची पुढारीण. 'लायब्ररी वाचवा' चे फलक तिने स्वतः रंगवून अर्ध्या गावाच्या खिडक्यांत लावले होते.

"पाचवी म्हणजे गेलोच आपण," ती म्हणाली. "अगं, काहीतरी कर. तू चाळीस वर्षं आहेस इथे."

"काय करू? लोकांच्या घरात शिरून पुस्तकं टाकून येऊ?"

"टाक. मी पोलिसांना सांगणार नाही."

ती गेल्यावर मी डबा काढला. सगळी कार्डं जिवंत होती. संगणकाला गाडी बंद झाल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. मी मोठ्या टायपाच्या कपाटातून हाताला येईल तशी पुस्तकं काढली, पहिल्या कार्डावर आठ चढवली, 'घरपोच' म्हटलं, आणि ती मागच्या खोलीत ठेवली. मग दुसरं कार्ड. दोन तासांत एकेचाळीस झाली. तीन आठवड्यांनी सगळी उतरवायची, नवी चढवायची. पुढे पुढे तर मी पुस्तकाचं नावही बघेनाशी झाले. एकतिसावं पान उघडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मला अपराधी वाटलं का? नाही. खोटं कशाला सांगू? मला उलट मजा वाटत होती. त्यांनी आमची माणसं तोडून आमचे आकडे पाडले होते, मी तेच आकडे त्याच माणसांच्या नावावर वर काढत होते. चोराच्या घरी चोरी. पुस्तकं त्यांची, कार्डं त्यांची, फक्त गाडी नाही. आणि शाखा वाचली की पहिली मागणी गाडीचीच करायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. हॅकरॉयड तिसरी. राहिली.

एकवीस तारखेला, शुक्रवारी दुपारी तीन वाजता लायब्ररीत चहा ठेवला. पॉलीनने आल्याचा केक केला होता, त्यावर साखरेने 'वाचली' असं लिहिलेलं. तीस-पस्तीस माणसं आली. एवढी माणसं एका वेळी त्या खोलीत मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. फिलिपासुद्धा आली आणि दोन शब्द बोलली. "हॅकरॉयडची घरपोच सेवा इतर शाखांनी बघण्यासारखी आहे," ती म्हणाली. "गाडी नसताना जूनपासून एकही फेरी चुकलेली नाही. पुढचं वर्षभर आमचं या आकड्यांवर लक्ष राहणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला.

डेस्मंड मधल्या सुट्टीत आला होता, सुपरमार्केटचं हिरवं जाकीट घालून. त्याने केक तोंडात टाकला आणि माझ्यापाशी आला. फिलिपा आणि पॉलीन तिथेच उभ्या होत्या.

"काय ग, मला न घेताच एकही फेरी चुकली नाही?" तो म्हणाला. "मग मी छत्तीस वर्षं काय करत होतो?"

"गाडीत झोपा काढत होतास," मी म्हटलं. सगळे हसले.

"एनिडकडे कोण जातं आता?"

मी फिलिपाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, ती ऐकतच होती.

"स्वयंसेवक जातात की."

"बऱ्या आहेत ना?"

"मागच्याच आठवड्यात त्यांच्यातला एकजण जाऊन आला. बाई एकदम ठणठणीत. तक्रारी करतायत."

"मग बऱ्याच आहेत म्हणायच्या." त्याने घड्याळात पाहिलं. "मला आत्ता माळाच्या बाजूलाच एक ऑर्डर आहे. म्हटलं होतं डोकावून यावं. आता नको, आधीच उशीर झालाय. पुढच्या वेळी." आणि केकचा दुसरा तुकडा कागदात गुंडाळून तो गेला.

पुढच्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, मी नेहमीसारखा डबा काढला. शाखा वाचली होती, तरी वर्षभर लक्ष राहणार होतं. खोटं एकदा कामाला लावलं की त्याला सुट्टी देता येत नाही. एनिड सटक्लिफ यांच्या कार्डावर आठ पुस्तकं चढवली.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गॅसचा मीटर बघणारा माणूस माळाच्या रस्त्यावर गेला. दाराला ब्रेडच्या आणि दुधाच्या पिशव्या अडकलेल्या होत्या, दूधवाला पहाटेच्या अंधारात एकावर एक अडकवून गेला होता. त्याने टपालाच्या फटीतून आत पाहिलं.

मला हे फिलिपाने सांगितलं, दोन दिवसांनी. या वेळी तिने चहा घेतला नाही. तिच्याजवळ दोन कागद होते. दारामागच्या बोळकांडीतच एनिडबाई पडल्या होत्या, ती म्हणाली. अंगात कोट, डोक्याला रुमाल, पायात बाहेरचे बूट. जवळची पिशवी लायब्ररीची, तिच्यात आठ पुस्तकं. कुठेतरी निघाल्या होत्या. कुठे ते मला सांगायला नको होतं. फोनवर त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आमचा फोन आता पालिकेच्या मुख्य कचेरीत वाजायचा, जिथे यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. तीन आठवडे म्हणाले होते मी. त्यांनी साडेचार महिने वाट पाहिली आणि मग स्वतःच निघाल्या, शहाऐंशी वर्षांच्या, मोडक्या कमरेच्या, आठ जाड पुस्तकं घेऊन.

"हे दुसरं," फिलिपाने कागद पुढे केला. "दवाखान्याने सप्टेंबरमध्ये पालिकेच्या वृद्धांच्या विभागाला कळवलं होतं. बाई दोनदा तपासणीला आल्या नाहीत, कोणीतरी बघून या. विभागाने नोंदी पाहिल्या. लायब्ररीचं माणूस दर तीन आठवड्यांनी घरी जातंय. म्हणजे त्यांना कोणीतरी भेटतंय. म्हणून त्यांचं नाव यादीत खाली गेलं." तिने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "शेवटची भेट सत्तावीस ऑक्टोबर. डॉक्टर म्हणतात, त्या त्याच्या आधीच गेल्या होत्या."

मी डब्यावर झाकण घट्ट बसवलं.

"त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांत एक घोड्यांच्या निगेवरचं आहे, ग्लेनिस."

म्हणजे तिला कळलं होतं. कदाचित आधीपासूनच कळलं असेल. तिने लॅपटॉप मिटला आणि पहिल्यांदाच आजूबाजूच्या कपाटांकडे नजर टाकली.

"कॉरोनर विचारतील, पुस्तकं कोण नेत होतं," ती हळूच म्हणाली. अचानक मेलेल्या माणसाची चौकशी हा सरकारी अधिकारी करतो. "स्वयंसेवक येतात, सोडून जातात. त्यांच्या नोंदी आपल्याकडे धड नसतात. असं होतं ना? माझ्या अहवालावर सह्या झाल्या आहेत. आकडे खोटे निघाले तर ही शाखा त्याच दिवशी जाईल. त्या बाई काही परत यायच्या नाहीत."

"होतं असं," मी म्हटलं. "नोंदी राहत नाहीत."

हे मी म्हटलं. मला तेव्हा ते पटलंही होतं. बाई गेल्या, त्यांना आता काय फरक पडतो? लायब्ररी आहे, ती तरी राहू दे. रात्री उशीवर डोकं ठेवलं की हेच पुन्हापुन्हा म्हणायचं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डोळा लागायचाही.

उरलेल्या चाळीसांकडे मात्र मी गेले. एकटीच, टॅक्सीने, चार रविवार. बहुतेक होते. कोणाच्या दारामागे पिशवी भरून ठेवलेली होती, कोणी मला ओळखलंच नाही. दोघं वृद्धाश्रमात गेले होते. तिघं मेले होते, त्यातला एक तर मे महिन्यातच. मी मेलेल्या माणसांना पाच महिने वाचायला पुस्तकं दिली होती, आणि त्या आकड्यांवर आमची शाखा तिसरी आली होती.

चौकशी जानेवारीत झाली, शेजारच्या शहरात, शाळेच्या वर्गासारख्या एका साध्या खोलीत. कॉरोनर मृदू बोलणारी बाई होती. एनिडबाईंचं म्हणून कोणी नव्हतं. मी, फिलिपा, वृद्धांच्या विभागातला एक माणूस, आणि मागच्या रांगेत डेस्मंड. त्याने त्यासाठी सुट्टी घेतली होती. माझं वाक्य मी पाठ करून गेले होते.

आधी डॉक्टरला बोलावलं. तो तरुण होता आणि कागदावरून वाचत होता. खुबा मोडलेला, डोक्याला मार नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाई रोज सकाळी त्या दिवसाची तारीख खोडत असत, आणि शेवटची खोडलेली तारीख वीस ऑक्टोबर, गुरुवार. म्हणजे त्याच दिवशी पडल्या असाव्यात.

"लगेच मृत्यू आला?" कॉरोनरने विचारलं.

"नाही. पायपुसणं अंगावर ओढून घेतलं होतं. पुस्तकांची पिशवी डोक्याखाली घेतली होती. माझ्या मते दोन दिवस, कदाचित थोडं जास्त. मृत्यू थंडीने आणि पाणी न मिळाल्याने."

"कोणी आलं असतं तर वाचल्या असत्या?"

"शुक्रवारी आलं असतं तर, बहुधा हो."

त्याने कागद उलटला आणि पुढचं काहीतरी वाचू लागला. मला काही ऐकू येत नव्हतं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता आमच्याकडे केक होता.

माझं नाव पुकारलं. मी जाऊन बसले. कॉरोनरने विचारलं, "मिसेस बॅराक्लफ, सत्तावीस ऑक्टोबरला आणि त्याआधी मिसेस सटक्लिफकडे पुस्तकं कोण नेत होतं?"

फिलिपा माझ्याकडे बघत नव्हती. वाक्य तोंडात तयार होतं, 'स्वयंसेवक, नोंद राहिली नाही.' चार शब्द.

"कोणी नाही," मी म्हटलं. "जूननंतर कोणीच गेलं नाही. ती पुस्तकं मागच्या खोलीत होती."

मग सगळं सांगितलं. डबा, कार्डं, आकडे. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. एकवीस तारखेला एक माणूस त्यांच्या घरी डोकावणार होता, त्याने मला विचारलं, आणि मी सांगितलं की बाई ठणठणीत आहेत. म्हणून तो माणूस गेला नाही. हे सांगताना मी मागे पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा डेस्मंडची गाडी नव्हती. त्यानंतर त्याने माझा फोन घेतलेला नाही, आणि घ्यावा असं मला सांगवतही नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. पोलीस दोनदा घरी येऊन गेले, पुढे काही झालं नाही. फिलिपाची दुसऱ्या शहरात बदली झाली, वरच्या जागेवर. मार्चच्या अखेरीस हॅकरॉयडच्या लायब्ररीला कुलूप लागलं. पुस्तकं जाळीच्या चाकगाड्यांत भरून नेली, गोड बोलणारं यंत्रही नेलं. इमारत विकायला काढली आहे. पेन्यांचं लिहिलेला दगड काढता येत नाही, म्हणून तो तेवढा आहे.

गावात माझ्याशी कोणी बोलेनासं झालं. आधी मला वाटलं, एनिडबाईंमुळे असेल, आणि ते मला बरोबरही वाटत होतं. एप्रिलमध्ये एक दिवस बसच्या थांब्यावर पॉलीन भेटली. ती सरकून लांब उभी राहिली, मग तिला राहवलं नाही.

"एकशे नऊ वर्षांची लायब्ररी, ग्लेनिस. माझी नातवंडं आता कुठे जायची?"

"माहीत आहे मला."

"तुला कोणी काही विचारलं नव्हतं. नोंद नाही म्हणायचं, की मिटलं. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून गावाचं नुकसान केलंस." ती खरंच रडवेली झाली होती. "तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती बाई तर गेलीच होती."

"नव्हती गेली, पॉलीन," मी म्हटलं. "मी तोंड बंद ठेवलं तेव्हा ती जिवंत होती. तू केक कापत होतीस."